हौसा सुतारीण आणि ओढ्यापलीकडची दारं

ओढ्याला बारा महिने पाणी असायचं आणि डोंगरावर भरदिवसा वाघरू दिसायचं, तेव्हाची ही गोष्ट. कुणी म्हणतं खापरपणजोबांच्या वेळची, कुणी म्हणतं त्याच्याही आधीची. साल कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तरी मी मानणार नाही. पण खैरतळ गाव हेच, ओढाही हाच. गावाचा माजही असाच होता, थोडा जास्तच म्हणा.

गाव ओढ्याच्या अलीकडं, आणि पलीकडं एक वस्ती. कुठल्याशा दुष्काळात पोटामागं आलेली माणसं ती. कुणी दगड फोडायचं, कुणी टोपल्या विणायचं, कुणी बांध घालायचं. गावातल्या एकूण एक घराचा पाया त्यांनी खोदलेला. आणि त्यांच्या स्वतःच्या घरांना काय होतं? दारसुद्धा नव्हतं! बांबूची ताटी विणायची, भोकाला टेकवायची, बाहेर जाताना दोरीनं बांधायची. गावाचा नियमच तसा होता. कारण ऐका, आणि ऐकून राग आला तर येऊ द्या. दार लागलं की ते घर झालं, आणि घर झालं की माणूस गावचा झाला. ताटीमागं राहतो तो उपरा, त्याला कधीही ऊठ म्हणता येतं. म्हणून बाजाबा पाटलाच्या आज्यानं चावडीत ठरवून टाकलं होतं, की सुतारानं ओढ्यापलीकडं दार करायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या सुतारांनी हे निमूटपणे पाळलं. एकालाही लाज वाटली नाही हो!

हौसा ही म्हादू सुताराची बायको. म्हादू भला माणूस, पण छातीनं अधू. करवत चार वेळा ओढली की खोकत बसायचा. मग करवत हौसा ओढायची. रंधा मारायची, पटाशीनं भोकं पाडायची, आणि लोक आले की हत्यार बाजूला ठेवून चुलीशी जाऊन बसायची. बाजाबा पाटलाच्या घराचा तो थोरला दरवाजा, ज्याचं कौतुक लांबलांबची माणसं करायची, तो कुणी केला? नाव म्हादूचं झालं. पण त्यातली लाकडी खुंटी न्‌ खुंटी हौसानं तासली होती आणि हौसानंच ठोकली होती, असं म्हणतात.

म्हादू गेला. दिवस झाल्यावर हौसा चावडीत गेली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "पाटील, गावचं काम म्या करते. म्हादूचं बलुतं मलाच चालू ऱ्हाऊ द्या."

चावडीत हशा पिकला. बाजाबा पाटील पोट धरून हसला. "बाई मानूस कधी सुतार असतंय व्हय? सुताराची बायकू म्हनून सुतारीन म्हनायचं तुला, झालं. जा, चूल फुंक."

हौसा घरी आली. तिचा संताप काय विचारता! त्या दिवशी तिनं पाट्यावर वाटण वाटलं तर पाटा भिंतीपर्यंत सरकत गेला, असं म्हणतात.  पाटलाचा शब्द तेवढा तिनं नीट लक्षात ठेवला.

मग ते झालं, ज्याच्यामुळं ही गोष्ट सांगावी लागते.

वस्तीत सखरू नावाची एक पोर राहायची. लिंबा बांधवाल्याची बायको. तिला एक रांगतं लेकरू आणि एक पाळण्यातलं. सखरू तोंडातल्या तोंडात बोलणारी. गावात यायची तर भिंतीच्या कडेनं, आणि कुणी हाक मारली तर घाबरून उभी राहायची. एका तिन्हीसांजेला ती चुलीवर भाकरी टाकत होती. पाठीमागं ताटी लावलेली होती. डोंगरातून वाघरू उतरलं, त्यानं पंजानं ताटी बाजूला केली आणि रांगतं लेकरू घेऊन गेलं.

हौसा तेव्हा ओढ्यावर पाणी भरत होती. आरडाओरडा ऐकून तशीच पाण्यातून पलीकडं धावली. माणसं काठ्या घेऊन डोंगराकडं पळाली होती. सखरू धाकट्याला छातीशी धरून बसली होती, आणि तिच्या तोंडातून आवाज निघत नव्हता. हौसानं खाली पाहिलं. ताटी पडली होती. मोडलेली नव्हती, फाटलेली नव्हती. नुसती सरकवून ठेवावी तशी पडली होती.

ती ताटी पाहून हौसाच्या डोक्यात जे पेटलं ते मरेपर्यंत विझलं नाही. परत आली तर गावात लोक पारावर बसून हळहळत होते, "वंगाळ झालं, पर पलीकडं असं हुतंच." होतंच म्हणे! अहो, तुमच्या घराला कडी, तुमच्या गोठ्याला कडी, तुमच्या कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा फळी! आणि माणसाच्या लेकराला बांबूचं विणकाम! हौसा पारासमोर उभी राहिली आणि हे सगळं तिनं मोठ्यानं बोलून दाखवलं. 

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या घराचा माळा उसकटला. जांभळीच्या जुन्या, वाळून खडखडीत झालेल्या फळ्या होत्या त्या. फळ्या डोक्यावर, करवत खांद्यावर, म्हादूच्या हत्यारांची पिशवी काखेत. मागच्या वाटेनं नाही, गावाच्या मधोमध चालत गेली. संध्याकाळपर्यंत सखरूच्या घराला दार लागलं. सखरू आत जाऊन बसली आणि दाराला हात लावून लावून पाहत राहिली.

पाटलाला कळायला कितीसा वेळ! चावडीत बोलावणं आलं.

"हौसे," पाटील गरजला, "सुतारानं पलीकडं दार करायचं न्हाई, ठावं न्हाई का तुला?"

"ठावं हाय की, पाटील," हौसा म्हणाली. "पर म्या सुतार कुठं हाय? बाई मानूस सुतार नसतंय, असं ह्याच चावडीत तुमीच म्हनालासा. समद्यांनी ऐकलंय."

सगळ्यांनी ऐकलं होतंच. कुणी उपरणं तोंडात कोंबलं, कुणी खोकल्याचं सोंग केलं. पाटलाचा चेहरा लालबुंद झाला. माणूस चुकला की निदान गप्प बसावं, पण सत्तेत बसलेल्याला ते कुठलं जमायला! त्यानं उठून नवा हुकूम काढला. "आजपासनं पलीकडं कुनी दुसऱ्याच्या घराला दार करायचं न्हाई. बाप्या असो, न्हाई तर बाई." सखरूचं दार उपटून आणवलं आणि चावडीपुढं त्याची शेकोटी केली. हौसा राहायची ते घर सुताराच्या कामाबरोबर चालत आलेलं. काम नाही तर घर नाही, म्हणून तिचं चंबूगबाळंही बाहेर काढलं.

हौसा त्या शेकोटीशी उभी राहिली. जांभळीचं लाकूड जळताना पाहत राहिली. मग तिनं पाटलाला सावकाश विचारलं, "दुसऱ्याच्या घराला न्हाई. असंच ना?"

"असंच," पाटील म्हणाला.

"बरं," म्हणाली, आणि ओढा ओलांडून गेली.

वस्तीत तिनं सगळ्यांना गोळा केलं. "आता म्या कुनाला दार करून देनार न्हाई," ती म्हणाली. माणसांची तोंडं उतरली. "तोंडं कशाला पाडता? जो तो आपलं आपन करील. शिकवते म्या. थंडीत वाघरू परत येनार, त्याच्या आधी एकूण एक घराला दार लागलं पायजे. आन्‌ ज्याला जमनार न्हाई म्हनायचं हाय त्यानं सखरूकडं बघून म्हनावं."

माणसं उठली आणि कुऱ्हाडी शोधायला लागली.

लाकूड आणायला ती त्यांना डोंगरात घेऊन गेली. तिथं तिनं हिरव्या झाडाला हात लावू दिला नाही. "ओल्या लाकडाचं दार आज सरळ दिसतंय, उनाळ्यात पिळवटून बसतंय. उभं वाळलेलं झाड बघा. कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोका. खणखणलं तर घ्या, बद्द वाजलं तर सोडा." हौसानं ज्या वठलेल्या झाडाला हात लावला ते झाड आपणहून आडवं झालं, असं म्हणतात. झालं असेल. झाडांनाही माणसांपेक्षा कधीकधी जास्त कळतं. आता ती झाडं पाटलाच्या रानातली होती असंही काही जण कुजबुजतात. असली तर असू देत, माझी काही हरकत नाही.

आणि मग तिनं शिकवायला घेतलं. तिच्या तोंडाला लगाम नव्हता. चौकट जुळवली की हातात दोरी द्यायची. "ह्या कोपऱ्यापासनं त्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत धर. गाठ मार. आता राहिलेल्या दोन कोपऱ्यांना लाव. गाठीशी गाठ आली? न्हाई आली? मग डोळ्यांनी सरळ दिसतीय म्हनून मला सांगू नगंस, डोळं लबाड असत्यात. ठोक, सरळ कर." कुणी फळी चौकटीत गच्च बसवली की कपाळावर हात मारायची. "आरं, पावसात लाकूड फुगतंय! मग दार उघडाय काय हत्ती आननार हायस? नखाएवढी फट ठेव समद्या बाजूंनी."

तिरक्या पट्टीवरून तर तिनं अर्ध्या वस्तीचा उद्धार केला. दाराच्या पाठीवर दोन आडव्या पट्ट्या मारायच्या आणि त्यांच्यामध्ये एक तिरकी. ती तिरकी पट्टी ज्या बाजूला दार फिरतं तिथं खालच्या कोपऱ्यात टेकली पाहिजे, आणि वर चढत उघडणाऱ्या बाजूला गेली पाहिजे. म्हणजे दाराचा भार तिच्यावर येतो आणि दार लोंबत नाही. लिंबानं ती उलटी मारली. "शाबास!" हौसा म्हणाली. "दिवाळीपर्यंत तुझं दार उंबऱ्यावर नाक घासंल. काढ!" लिंबानं काढली आणि पुन्हा उलटी मारली. तेव्हा सखरू उठली. मूल पोटाशी बांधलेल्या झोळीत, हातात हातोडा. तिनं नवऱ्याला बाजूला केलं, पट्टी सुलटी धरली आणि खुंटी ठोकली. तिथून पुढं सखरूच्या घराचं दार सखरूनंच केलं. लेकरू गेल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती, आणि तेव्हाही बोलली नाही.

सगळ्यांची दारं बसत आली तेव्हा हौसा पाहायला निघाली. पहिल्या घरापाशी थांबली. दुसऱ्या घरापाशी थांबली. तिसऱ्याशी तिनं हातातला गुण्या जमिनीवर आपटला. सगळ्यांनी कडी बाहेरून लावली होती! जन्मभर ताटी बाहेरून बांधलेली. घराबाहेर पडताना दोरी गुंडाळायची, एवढंच त्यांना ठाऊक. आतून बंद करायचं असतं, हे कधी कुणी त्यांना करूच दिलं नव्हतं, मग डोक्यात येणार कुठून?

"बाहेरनं कडी?" हौसा ओरडली. "तुमाला कोंडाय दुसऱ्या कुनी कष्ट घ्याय नगंत, तुमीच सोय करून ठेवलीया! आरं, दार आपल्यासाठी असतंय. आतनं लावायची कडी, आन्‌ आपल्या मनानं उघडायची!"  सगळ्या कड्या तिनं त्यांच्याकडूनच उपटवल्या आणि आतल्या अंगाला बसवून घेतल्या.

थंडी पडली. वाघरू आलं. तिन्हीसांजेला सखरूच्याच घराशी आलं, कारण त्याला ती वाट ठाऊक होती. पंजा मारला. दार हललं नाही. पुन्हा मारला. आत सखरू धाकट्याला घेऊन दाराला पाठ लावून बसली होती, लाकडातून तिला ते ओरखडे पाठीत जाणवत होते. मग ओरखडे थांबले. वाघरू दारोदार फिरलं, एकेक दार हुंगलं आणि डोंगर चढून गेलं. त्यानंतर ते खैरतळच्या शिवेत उतरलं नाही, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं वाघरू आलं, दोन पायांचं. बाजाबा पाटील कुऱ्हाडीवाली माणसं घेऊन ओढ्यात उतरलेला दिसला तशी हौसा वस्तीभर ओरडत गेली, "आत जावा! कड्या लावा!" माणसं आत गेली आणि कड्या लागल्या. बाहेर एकटी हौसा, हातात गुण्या घेऊन उभी.

पाटील वस्तीच्या मध्ये येऊन थांबला. बंद दारांकडं त्यानं एकदा गर्रकन वळून पाहिलं. अशी वस्ती त्यानं कधी पाहिली नव्हती. "कुनी केली ही दारं?" त्यानं विचारलं.

"ज्याची त्यानं," हौसा म्हणाली. "दुसऱ्याच्या घराला एकबी न्हाई. इचारा."

तसा पाटील जास्तच मोठ्यानं ओरडला, "कुनाच्या हुकमानं लावली ही दारं? बोला! कुनाच्या हुकमानं?"

  हौसा शिकवू शकत होती, भांडू शकत होती, पण हे उत्तर तिला देता येणार नव्हतं. दार तिचं नव्हतं.

आणि मग एका दाराच्या आडून आवाज आला. बारीक, थरथरता, बरेच दिवस न वापरलेला.

"माझ्या."

सखरू बोलली होती.

"माझ्या," पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. मग शेजारच्या घरातून लिंबाच्या भावाचा आवाज आला, "माझ्या!" त्याच्या पलीकडच्या म्हातारीचा आला, "माझ्या!" मग एकेक करत सगळी वस्ती आतून ओरडली. हौसा मात्र तोंडावर पदर दाबून उभी राहिली. 

पाटलानं खूण केली. पहिली कुऱ्हाड सखरूच्या दारावर पडली. दाराला खोकसुद्धा पडली नाही, पण ओढ्याच्या अलीकडून, गावातून, एक कर्र असा मोठा आवाज आला. दुसरी कुऱ्हाड पडली. पुन्हा गावातून कर्र. तिसरीला तर जमीनच हादरली. तेवढ्यात पाटलाचा घरगडी धापा टाकत ओढ्यातून आला. "मालक, दरवाजा! आपला थोरला दरवाजा! कुऱ्हाड हितं पडतीया आन्‌ खुंट्या तिथं निघत्यात!" सगळे पळत गेले. पाटलाचा तो नावाजलेला दरवाजा अंगणात पालथा पडला होता. एकूण एक खुंटी सुटून बाजूला आली होती, असं म्हणतात.

आता काही शहाणे म्हणतात, हौसानंच त्या खुंट्या आधी जाऊन सैल केल्या असतील, तिला कुठली खुंटी कशी बसवलीय ते माहीत होतं. म्हणोत बापडे. केल्या असतील तर त्याचंही मला कौतुकच आहे.

पाटलानं चार गावचे सुतार आणले. दरवाजा उभा राहीना. एक बाजू बसवली की दुसरी निखळायची. शेवटी त्या थोर घराण्याच्या थोर घराला काय लावावं लागलं? ताटी! ओढ्यापलीकडून विणून आणलेली. वारा आला की ती हलायची, कुत्रं आलं की सरकायची, आणि सगळं घर दचकून उठायचं. पाटलालाही नातवंडं होती ना. तेव्हा कुठं त्याला कळलं, आणि इतकं उशिरा कळलं याचीच चीड येते.

एके दिवशी तो हौसाकडं आला. "दरवाजा करून दे," म्हणाला. हौसानं वर पाहिलं. "पलीकडं ऱ्हाऊन दुसऱ्याच्या घराला करायचा न्हाई, पाटील. तुमचाच हुकूम. पर बसा, शिकवते." तो बसला, करवतीनं त्याचे हात सोलले आणि हौसानं त्याला तिरक्या पट्टीवरून लिंबापेक्षा जास्त शिव्या घातल्या, असं म्हणतात. मला विचाराल तर नसावा बसला. असली माणसं सहजी शिकत नाहीत. पण त्या दिवसापासून पलीकडच्या दारांना कुणी हात लावला नाही, आणि पलीकडची वस्ती खैरतळची झाली, हे मात्र खरं.

सखरूचं पहिलं लेकरू काही परत आलं नाही. चमत्कार सांगणाऱ्यांनी एवढं विसरू नये. तिच्या दारावरचे ओरखडे तिनं कधी रंध्यानं घासले नाहीत. कुणी म्हणालं घास, तर ती नुसती मान हलवायची.

हौसा वस्तीतच राहिली, म्हातारी होऊन तिथंच गेली. तिचं देऊळ नाही. मध्यंतरी बांधायची टूम निघाली होती, तेव्हा जाणती माणसं म्हणाली, आधी त्याला दार कोण करणार ते ठरवा. तिथंच ते राहिलं, आणि बरं झालं राहिलं.

पण खैरतळमध्ये, ओढ्याच्या अलीकडंही आणि पलीकडंही, आज कुणी सुताराकडून पुढचं दार करून घेत नाही. पाट, पलंग, देव्हारा, काय वाटेल ते घ्या. पुढचं दार ज्याचं त्यानं करायचं. नवीन संसार मांडला की नवराबायको दोघं मिळून करतात. बाहेरगावचे पाहुणे वाकडीतिकडी दारं बघून हसतात. हसू देत. तिरकी पट्टी मात्र कुणाची उलटी सापडायची नाही.

दार बसलं की घरवाली आत जाते आणि कडी लावते. बाहेर सगळं गाव जमतं. गावातला वयानं सगळ्यात मोठा माणूस, मग तो पाटलाच्या घरातला असला तरी, दारावर थाप मारतो आणि दरडावून विचारतो, "कुनाच्या हुकमानं लावलं हे दार?"

आतून उत्तर येतं, "माझ्या."

नवी नवरी असते, लाजते, आवाज बारीक येतो. मग बाहेर उभे असलेले सगळे, पोरंटोरं, म्हातारेकोतारे, एकदम ओरडतात, "ऐकू आलं न्हाई!" आणि ती जोपर्यंत ओढ्यापलीकडं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगत नाही, तोपर्यंत कुणी जागचं हलत नाही.